सत्ताविसावी ओळ

येमूल यांनी टॉवेल माझ्या कीबोर्डवरच पसरला आणि म्हणाले, "मॅडम, मोराची मान बघा की."

मी बघितली. पांढऱ्या टॉवेलच्या काठावर निळा मोर विणलेला होता. पाय ठीक, पोट ठीक, पिसारा तर फारच देखणा, पण मानेत एक आडवी रेघ अशी काही सरकली होती की मान कापून कुणी घाईने परत चिकटवल्यासारखी दिसत होती. त्यांनी त्यावर दुसरा टॉवेल टाकला, मग तिसरा. सगळ्या मोरांच्या मानेत रेघ त्याच जागी, पण प्रत्येकाची तऱ्हा निराळी. एकाची मान डावीकडे गेलेली, एकाच्या मानेत मधेच पायाची नखं आलेली. मला हसू आलं, आणि पुढच्याच क्षणी कळलं की समोरचा माणूस सोलापूरहून पहाटेची गाडी पकडून हसण्यासाठी आलेला नाही.

ही दोन हजार तीन सालची गोष्ट. पुण्यात कर्वे रस्त्याच्या आतल्या एका गल्लीत, बंगल्याच्या तळमजल्यावर आमची नऊ जणांची कंपनी होती. आम्ही डीबगर विकायचो. डीबगर म्हणजे चालू प्रोग्रामच्या पोटात डोकावून बघायचं साधन. चिपमध्ये कुठली गोष्ट कुठे ठेवलीय, तिने किती जागा अडवलीय, हे त्याला विचारायचं आणि त्याने सांगायचं. तो लिहिला होता आमच्या मालकांनी, उदय आगाशे सरांनी. आणि तो बरोबर सांगतो की नाही हे तपासायला त्यांनी मला ठेवलं होतं. मी वनिता पिसाळ, वाईची, वय तेवीस. उत्तर आधीच माहीत असलेले प्रश्न दिवसभर त्या यंत्राला विचारत बसणं, हे माझं काम. आई म्हणायची, हिला लहानपणापासून खाजवून खरूज काढायची सवय, आता त्याचे पैसे देणारा भेटला.

पुरुषोत्तम येमूल पन्नाशीचे असतील. निम्मं आयुष्य त्यांनी सोलापुरात यंत्रमागावर काढलं होतं, मग रात्रशाळेत रेडिओ दुरुस्ती शिकले आणि तिथून हळूहळू चिपपर्यंत पोचले. माग कुठल्या ओळीला कुठले धागे उचलेल हे सांगणारी एक पेटी त्यांनी स्वतः बनवली होती. तिच्यातला प्रोग्रामही त्यांचाच, आमच्या डीबगरच्या मदतीने लिहिलेला. अशा आठ पेट्या इराबत्ती नावाच्या कारखानदाराच्या शेडमध्ये गेले सहा महिने बिनतक्रार चालल्या होत्या. दिवाळीसाठी शेठनी मोराची नवी नक्षी दिली आणि माना तुटायला लागल्या. पेटी हलते, वायर ढिली आहे, येमूलला प्रोग्राम येत नाही, असं ज्याला जे सुचेल ते तो बोलत होता. शेवटी शेठनी मुदत दिली. आज शुक्रवार, दुपारी चारपर्यंत कारण सांगा, नाहीतर पेट्या उतरवतो आणि आधी हेच काम करणारे जुने भोकं पाडलेले पुठ्ठे परत मागावर चढवतो.

"पेट्या उतरल्या ना मॅडम, तर गावात परत कुणी मला दारात उभं करून घेणार नाही," ते म्हणाले. आवाज मात्र अगदी साधा होता.

आगाशे सरांनी दारातूनच टॉवेल पाहिले होते. त्यांचं मत तयार होतं, प्रोग्राममध्ये चूक असणार. तरी मला म्हणाले, दुपारपर्यंत बस त्यांच्याबरोबर, बघ काही दिसतंय का. सर तसे सज्जन माणूस, पण आपल्या डीबगरवर त्यांचा आईचा जीव होता.

येमूलांनी पिशवीतून एक पेटी काढली. चादरीत गुंडाळून आणली होती. मग एक वही काढली आणि त्या वहीने मला जिंकलंच. आलेखाच्या कागदाची वही होती. मागावर नक्षी चढवण्याआधी जसा एकेक चौकोन रंगवून मोर काढतात, तसाच त्यांनी चिपच्या मेमरीचा नकाशा काढला होता. एक चौकोन म्हणजे मेमरीचं एक घर, एक बाइट. इथे मागाचा वेग, इथे ओळीचा क्रमांक, सगळं पेन्सिलीने रंगवलेलं. शिकलेले लोक ही वाटणी कंपायलरवर, म्हणजे प्रोग्रामचं चिपच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या साधनावर, सोडतात. येमूल सोडत नव्हते. ते डीबगरला विचारायचे, ही वस्तू किती घरं घेते, आणि त्याने सांगितलेला आकडा मोजून तेवढे चौकोन रंगवायचे. मी विचारलं, असं का? तर म्हणाले, मागावर धागा किती लागतो ते आधी मोजतात आणि मगच ताणा लावतात, मोजल्याशिवाय लावायची सवयच नाही.

मग आम्ही दोघांनी ती वही आणि डीबगर शेजारी शेजारी ठेवून एकेक आकडा तपासायला घेतला. मी टाइप करायचे, ते वहीतल्या चौकोनावर बोट ठेवायचे. वेगाची घरं? एक. वहीत एक. टॉवेलच्या लांबीची? दोन. वहीत दोन. मला गंमत वाटायला लागली होती. इतके दिवस मी प्रश्न विचारत होते ते मीच बनवलेल्या खोट्या प्रोग्रामवर. इथे पहिल्यांदा कुणीतरी माझ्या यंत्राच्या उत्तरावर विश्वासून खरंच काहीतरी विणलं होतं.

शेवटी आले ओळींचे पत्ते. नक्षीची प्रत्येक ओळ मेमरीत कुठेतरी ठेवलेली असते. ती कुठे आहे ते लक्षात ठेवायला तिचा पत्ता लिहून ठेवावा लागतो, त्याला पॉइंटर म्हणतात. येमूलांनी चाळीस ओळींच्या पत्त्यांसाठी एक लांब पट्टी राखली होती. मी डीबगरला एका पॉइंटरचा आकार विचारला. उत्तर दोन. चाळिसांचा विचारला. उत्तर ऐंशी.

"माझ्याकडं पण ऐंशीच," येमूल म्हणाले, आणि त्यांनी वही मिटली. "म्हणजे सगळं बरोबर. मग घोडं पेंड कुठं खायलंय?"

मला ते मुळीच पटलं नव्हतं. टॉवेल खोटं बोलत नव्हता. मी तो पुन्हा उचलला आणि पायापासून ओळी मोजायला घेतल्या. ते म्हणाले, मोजू नका, मी मोजलोय, दर टॉवेलला सत्ताविसावी ओळ. सव्वीसपर्यंत स्वच्छ, सत्ताविसावी तुटलेली, अठ्ठाविसाव्यापासून पुन्हा स्वच्छ. जुन्या नक्ष्यांचं काय, मी विचारलं. त्या सगळ्या चोवीस ओळींच्या होत्या. चाळीस ओळींचा हा पहिलाच मोर.

सत्तावीस. हा काय आकडा झाला? मेमरीत काही फुटायचं तर ते कडेला फुटतं, मधे नाही. प्रत्येक पत्त्याला दोन घरं धरली तर सत्ताविसावी ओळ येते त्रेपन्न आणि चोपन्न नंबरच्या घरांत, पट्टीच्या पार आत. तिथे आजूबाजूला शेजारी नाही, कुणाशी भांडणाचा प्रश्न नाही. मी येमूलांना विचारलं, ही ऐंशी घरांची पट्टी संपली की पुढच्या घरात कोण राहतं? त्यांनी वही उघडली. एक्याऐंशीवं घर लाल रंगवलेलं होतं. माग किती धागे विणतोय त्याचा चालू आकडा तिथे बसायचा, प्रत्येक धाग्याला बदलणारा. त्याच्यापुढची बरीच घरं कोरी होती.

मी त्या लाल चौकोनाकडे पाहत बसले. येमूलही पाहत होते. आणि मग, मला वाटतं आम्ही दोघं एकाच वेळी ओठ हलवायला लागलो, कारण पाढे आमच्या दोघांच्याही शाळेत मोठ्याने म्हणून घेत असत.

"सव्वीस त्रिक अठ्ठ्याहत्तर," मी म्हणाले.

"सत्तावीस त्रिक एक्याऐंशी," येमूल म्हणाले आणि त्यांनी लाल चौकोनावर बोट टेकवलं.

प्रत्येक पत्ता दोन नव्हे, तीन घरं घेत असला पाहिजे. मग सव्वीस ओळी ऐंशीच्या आत आरामात बसतात. सत्ताविसाव्या पत्त्याचं शेवटचं घर येतं बरोब्बर एक्याऐंशी, आणि तिथे धाग्यांचा आकडा त्याच्या उरावर बसून दर घडीला त्याला खोडत असतो. म्हणून दर टॉवेलला मान वेगळ्या तऱ्हेने मोडायची. पुढच्या ओळी कोऱ्या घरांत पसरत होत्या, म्हणून त्या सुखरूप.

अंदाज छान होता, पण अंदाजच. खातरी करायची तर डीबगरला आकार विचारून उपयोग नव्हता, तो पुन्हा दोनच म्हणाला असता. मी पेटीतली ती सगळी पट्टी एकाच आकड्याने भरून टाकली, प्रोग्रामला फक्त पहिल्या ओळीचा पत्ता लिहू दिला आणि तिथेच थांबवला. मग मेमरीतली घरं उघडून एकेक पाहिली. तीन घरांतला आकडा बदलला होता. चौथं जसंच्या तसं.

येमूल खुर्चीतून उठले आणि दोन पावलं चालून परत बसले. नऊ दिवस त्यांना झोप नव्हती, हे त्यांनी मला आत्ता सांगितलं. मला इतका आनंद झाला होता की सांगायची सोय नाही. कोडं सुटलं होतं, तेही टॉवेलवरून. वही दुरुस्त करायची, ऐंशीच्या जागी एकशेवीस घरं सोडायची, आणि मोराची मान ताठ. पाऊण वाजला होता. चारला अजून पुष्कळ वेळ होता.

"पण मॅडम," येमूल म्हणाले, "तीन घरं घेतंय, तर हे यंत्र दोन का म्हणायलंय?"

सरांना विचारून येते, म्हणून मी उठले. जाताना वाटेत कपाटातून चाचण्यांची वही काढली. आमच्याकडे एक कडक रीत होती, सरांनीच घालून दिलेली. कुठलीही चाचणी करायच्या आधी तिचं उत्तर कागदावर स्वतः काढायचं, वहीत लिहायचं आणि मगच डीबगर उघडायचा. आकारांच्या एकसष्ट चाचण्या मीच आठ महिन्यांपूर्वी केल्या होत्या. पॉइंटरची चाचणी त्यात होती हे मला पक्कं आठवत होतं. ती पास कशी झाली, हे काही केल्या आठवेना.

पान सापडलं. चाचणी क्रमांक चव्वेचाळीस. अपेक्षित उत्तराच्या रकान्यात निळ्या शाईत माझ्या अक्षरात तीन लिहिलेलं होतं. त्यावर एक आडवी रेघ. शेजारी लाल शाईत दोन. त्यापुढे बरोबरची खूण आणि माझी सही.

आता सगळं आठवलं. डीबगर दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांकडे जायचा होता. सर बंगळूरला गेलेले. बाकी सगळ्या जुळल्या होत्या, ही एकच अडली होती, निदान मला तसं आठवत होतं. मी कंपायलरच्या पुस्तकातून तीन काढलं होतं, यंत्र दोन म्हणत होतं. मी बराच वेळ दोन्हीकडे आळीपाळीने पाहिलं. मग मला वाटलं, वीस वर्षं हेच काम केलेल्या माणसाने लिहिलेलं यंत्र खरं, की वाईहून आलेली, नोकरीला जेमतेम चार महिने झालेली मी? लाल पेन हाताशीच होतं. दोन सेकंदांचं काम. त्यानंतर मी घरी जाऊन शांत झोपले होते, हेही आठवलं, आणि त्याची जास्त लाज वाटली.

वही हातात घेऊन मी सरांच्या खोलीच्या दाराशी गेले. सर फॅक्सच्या यंत्राशी उभे होते.

मला पाहून म्हणाले की इराबत्ती शेठचाच मघाशी फोन आला होता. सरळ विचारत होते, चूक तुमच्या साधनात आहे का या माणसात? उत्तर देणं भाग होतं. "तुझा अहवालच जोडलाय," सर म्हणाले. "एकसष्टपैकी एकसष्ट. याहून स्वच्छ पुरावा काय द्यायचा?"

वरच्या कागदाचं टोक यंत्रात गेलं होतं. त्याच्याखाली दुसरा कागद होता आणि त्याच्या तळाशी माझी सही मला उलटी दिसत होती. एक वाक्य बोलायचं होतं. थांबा सर, एवढंच. मी मूग गिळून उभी राहिले. पहिला कागद गेला, दुसरा गेला, यंत्राने शिट्टी वाजवली.

सरांनी विचारलं, काही हवं होतं का?

"नाही सर," मी म्हणाले.

बाहेर आले तर येमूल डबा उघडून माझी वाट पाहत होते. कडक भाकरी, शेंगांची चटणी, आणि एका झाकणात माझ्यासाठी वेगळं काढलेलं. साहेब काय म्हणाले, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, जेवून बघू म्हणाले. हे सरळसरळ खोटं होतं. त्यांनी मान डोलावली आणि भाकरीचा तुकडा मोडला. मला म्हणाले, बहुतेक माझंच काहीतरी चुकलं असेल हो, यंत्राला नीट विचारता आलं नसेल. आकडा विचारायची काही वेगळी पद्धत असते का? त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. ज्या माणसाने आयुष्यात मोजल्याशिवाय एक चौकोन रंगवला नव्हता, तो स्वतःच्या मोजण्यावर शंका घेत बसला होता, आणि त्याचं मोजणं बरोबर होतं हे सांगणारा कागद माझ्या मांडीवर होता.

अडीच वाजले तेव्हा मी उठले. येमूलांना म्हणाले, काका, तुम्ही पण चला. सकाळपासून मी त्यांना सर म्हणत होते, काका कधी झाले ते कळलं नाही.

सरांच्या टेबलावर मी वही उघडून ठेवली, चव्वेचाळीसवर बोट ठेवलं आणि एका दमात सगळं सांगितलं. टॉवेल, सत्तावीस त्रिक एक्याऐंशी, तीन घरं, लाल पेन. फॅक्स जाताना मी वही घेऊनच दारात उभी होते, तेही सांगितलं. मधे थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

सर रागावले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग कपाटातून कंपायलरचं जाड पुस्तक काढून ते पान शोधलं, आणि मग संगणकावर स्वतःच्याच प्रोग्राममधली ती जागा शोधली. बराच वेळ दोन्ही बघत राहिले.

"दोन मीच लिहिलंय," ते म्हणाले. "चिपचा पत्ता दोन बाइटचा असतो, म्हणून न बघता दोन लिहिलं."

येमूलांनी हळूच विचारलं, मग तिसरं घर कशाला? आणि सर, काय सांगू, त्या अवस्थेतही समजावून सांगायला लागले. म्हणाले, या चिपच्या पोटात मेमरी एक नाही, तीन प्रकारच्या आहेत. पुण्यात नुसता चारशे बारा नंबर सांगितला तर पोस्टमन विचारणार, कुठली पेठ? शनिवारातही चारशे बारा आहे आणि नारायणातही. दोन घरं घराच्या नंबराची, तिसरं घर पेठेचं. कंपायलर पेठ लिहीत होता. आमचा डीबगर फक्त नंबर मोजत होता. येमूलांच्या चेहऱ्यावर तेवढ्यातही समाधान पसरलं. त्यांनी वहीच्या कडेला पेन्सिलीने पेठ असा शब्द लिहून ठेवला.

सरांनी सोलापूरला फोन लावला तेव्हा तीनला दहा कमी होती. फोनचा आवाज मोठा होता, आम्हाला सगळं ऐकू येत होतं. सर स्पष्ट बोलले. चूक आमच्या डीबगरची आहे, येमूलांची नाही, संध्याकाळपर्यंत प्रोग्राम दुरुस्त होईल. पलीकडे मागांचा खडखडाट ऐकू येत होता.

"साहेब, तुमचा कागद आल्यावर मी पेट्या उतरवायला लावलोय," शेठ म्हणाले. "पाच उतरल्या, तीन उतरायल्यात. एक वाजता चूक त्याची म्हणून सहीशिक्क्यानिशी लिहून देता, तीन वाजता चूक आमची म्हणता. उद्या सकाळी काय म्हणाल? मी आता कुठला कागद खरा धरू?"

सरांनी पुन्हा सांगितलं. शेठ शांतपणे म्हणाले, येमूल चांगला माणूस आहे, त्याच्याबद्दल मनात काही नाही, पण दिवाळी तोंडावर आहे आणि पुठ्ठे निदान खोटं बोलत नाहीत. त्यांनी फोन ठेवला.

त्या आठ पेट्या त्या शेडमध्ये पुन्हा कधी चढल्या नाहीत, हे आत्ताच सांगून टाकते. सरांनी सोमवारी सगळ्या गिऱ्हाइकांना चूक कबूल करणारं पत्र पाठवलं, आणि सोलापूरला स्वतः जाऊन आले, तरीही नाही. येमूलांनी पुढे वर्षभर टीव्ही दुरुस्त केले, मग अक्कलकोट रस्त्याला एका नव्या कारखानदाराने चार पेट्या घेतल्या. ते सगळं नंतरचं. त्या दुपारी आम्ही तिघं त्या टेबलाभोवती नुसते बसून होतो. मी रडत होते. मला वाटत होतं, येमूलांनी काहीतरी बोलावं, दोन शिव्या द्याव्यात, निदान उठून निघून जावं.

ते उठले नाहीत. त्यांनी माझी वही स्वतःकडे ओढली, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि त्या खोडलेल्या तीनवर बोट ठेवलं.

"हे तुम्ही कागदावर काढलेलं?"

"हो."

"यंत्र उघडायच्या आधी?"

"हो."

"मग बरोबर होतं की हे," ते म्हणाले. नवल वाटल्यासारखे काही क्षण त्या आकड्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी पान उलटलं, आणखी एक उलटलं, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "अजून कुठं कुठं खोडलाव मॅडम?"

मला खरंच माहीत नव्हतं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि म्हणाले, पहिल्या पानापासून घ्या.

येमूल वाचायचे, मी पेटीवर मोजायचे, सर लिहून घ्यायचे. लाल शाई दिसली की येमूल थांबायचे आणि खालचा निळा आकडा उजेडात धरून वाचायचे. त्यांची गाडी साडेसहाची होती, ती त्यांनी सोडली. सातपर्यंत आणखी चार ठिकाणी खोडलेलं निघालं. चारही ठिकाणी निळा आकडा बरोबर होता.